साप चावल्यावर काचेच्या नळीत रक्त ठेवून वीस मिनिटं कशाची वाट पाहतात?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मागच्या महिन्यात माझ्या लहान्या भावाले वावरात पऱ्हाटी निंदताना पायाले साप चावला. ग्रामीण रुग्णालयात नेलं तर तिथं रक्त काढून काचेच्या नळीत टाकलं आन वीस मिनिटं तसंच ठेवलं, नळीले हात पण लावू देत नव्हते. इकडं पाय सुजून रायला आन हे घड्याळ पाहून रायले, लय राग आला. रक्त गोठलं नाही म्हणून मग सापाचं औषध चालू केलं, सहा घंट्यानं पुन्हा रक्त काढलं. भाऊ आता घरी आहे. पण हे मशीनवर लवकर होत नसते का?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, तुमचा भाऊ घरी आला हे वाचून खरंच बरं वाटलं. राग येणं साहजिक आहे, पण ती वीस मिनिटं वाया गेली नाहीत, औषध द्यायचं की नाही ते त्यातच ठरलं.

रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की लिव्हरमध्ये तयार झालेले घटक एकामागून एक जागे होतात, शेवटी थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते फायब्रिनोजेनचे धागे करतं, त्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गाठ बसते. घोणस, म्हणजे आपल्याकडे परड म्हणतात ती, तिचं विष यातले दहावा आणि पाचवा (या घटकांना नंबर दिलेले आहेत) हे घटक जखम नसतानाच जागे करतं, तेही अख्ख्या अंगात. म्हणजे घरातलं सगळं बियाणं नको तिथं पेरून टाकलं आणि खऱ्या पेरणीला मूठभरही उरलं नाही, तसं होतं बघा. फायब्रिनोजेन संपतं, मग हिरड्यातून, लघवीतून रक्त येऊ शकतं. फुरसंही असंच करतं.

आता नळी. साधारण २ मिली रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत ठेवतात, २० मिनिटांनी एकदाच तिरपी करतात, रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. काचच पाहिजे, कारण काचेला लागलं की गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकमध्ये ती नीट होत नाही, आणि नळी साबणानं धुतलेली असली तरी रिझल्ट चुकतो. हात लावू देत नव्हते ते याचसाठी, मध्येच हलवली की टेस्ट गेली.

मशीनवर पीटी नावाची टेस्ट होते. निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही, मग लॅबमध्ये प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग, वेगळा करून त्यात कॅल्शियम आणि रिएजंट, म्हणजे टेस्टचं रसायन, घालून सेकंद मोजतात, नॉर्मल साधारण ११ ते १३.५ सेकंद. ती जास्त बारकाईची आहे यात वाद नाही, थोडासा बिघाड काचेच्या नळीत निसटू शकतो. पण रात्री तालुक्याला मशीन आणि टेक्निशियन दोन्ही मिळतीलच असं नाही, आणि सॅम्पल जिल्ह्याला पाठवण्यात जो वेळ जातो त्यापेक्षा माझा भरवसा नळी आणि घड्याळावर जास्त.

सहा तासांनी पुन्हा का? औषध विष निकामी करतं, गोठायचे घटक देत नाही, ते लिव्हरला नव्यानं बनवावे लागतात आणि त्याला तेवढे तास लागतात. तरीही नाही गोठलं तर औषधाचा आणखी डोस.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा, नाग आणि मण्यार चावले तर रक्त व्यवस्थित गोठतं, तरी माणूस श्वास बंद पडून जाऊ शकतो. त्यामुळे नळीत गाठ बसली म्हणून पेशंटला घरी नेऊ नका, पापण्या जड होतात का, बोलणं अडखळतं का ते पाहत राहा. आणि चावल्या जागी ब्लेड मारू नका हो, घोणस असली तर तो चीर वाहतच राहतो.

घोणसीच्या विषानं किडनीलाही मार बसतो, म्हणून तुमच्या भावाची लघवी कमी झाली किंवा तोंडावर सूज आली तर थांबू नका, लगेच दवाखान्यात नेऊन क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, तपासा.