टी पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू त्यांना सक्रिय कसे करतात? त्यांचा वापर करून प्रतिकारशक्ती वाढवता येते का?

'प्रतिकारशक्ती वाढवा' हे ऐकलं की माझं डोकं उठतं, म्हणून दुसरा प्रश्न आधी. ती सरसकट वाढवायची गोष्टच नाही.

टी पेशी म्हणजे जंतूंवर आणि बिघडलेल्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी. टी पेशीच्या रिसेप्टरने (ओळख पटवणाऱ्या रेणूने) प्रतिजन, म्हणजे परक्या पदार्थाचा तुकडा, ओळखलं, एवढ्याने भागत नाही. तो तुकडा दाखवणाऱ्या समोरच्या पेशीवरच्या बी७ या रेणूने टी पेशीवरच्या सीडी२८ या रेणूला दुजोरा द्यावा लागतो. टी पेशी सक्रिय झाली की ती स्वतःच सीटीएलए-४ हा रेणू पृष्ठभागावर आणते. तो त्याच बी७ ला सीडी२८ पेक्षा घट्ट धरतो आणि उत्तेजन थांबवतो. सीटीएलए-४ चं जनुक काढलेले उंदीर ३-४ आठवड्यांत मरतात. त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढून त्यांच्याच अवयवांत घुसतात. १९९५ पासून हे माहीत आहे.

पीडी-१ हा असाच दुसरा लगाम. बाबांना तोंडाचा कर्करोग झाला तेव्हा हा लगाम सैल करणारं निवोलुमॅब हे औषध चालू होतं. काही डोसांनंतर जुलाब लागले. मामा म्हणाले, "औषध लागू पडतंय, घाण बाहेर पडतेय," आणि गुळवेलीचा काढा घेऊन आले. आई ताकभात, डाळिंबाचा रस देत राहिली. रात्री बाबांना भिंत धरून संडासपर्यंत जावं लागत होतं. रक्त दिसल्यावर मी त्याच रात्री डॉक्टरांना फोन लावला. सुटलेल्या टी पेशींनी मोठं आतडं सुजवलं होतं. त्या पेशींना आवरायला स्टेरॉईड सुरू झाली, तर मामा म्हणे, "आधी ताकद वाढवायची, मग मारायची, हा काय पोरखेळ? मायक्रोबायॉलॉजी शिकून कुणी डॉक्टर होत नाही."

पोरखेळ नाही, मामा. २००६ साली लंडनमध्ये सीडी२८ ला थेट चेतवणारं एक औषध सहा धडधाकट तरुणांना टोचलं. काही तासांत सहाही जण अत्यवस्थ झाले, अवयव निकामी व्हायला लागले. ते वाचले. पण त्यांना कुठलाही जंतू लागला नव्हता, जे झालं ते त्यांच्याच टी पेशींमुळे. आणि गुळवेलीने यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत.

निवोलुमॅब वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात टाटा मेमोरियलने तोंडाने घ्यायच्या, कमी डोसाच्या केमोला निवोलुमॅबचा अगदी छोटा, २० मिलिग्रॅमचा डोस जोडून पाहिला. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. फायदा सगळ्यांना होत नाही, आतड्याचा त्रासही सगळ्यांना होत नाही. पण घरात कुणी या औषधावर असेल आणि जुलाब, धाप किंवा कावीळ दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. काढा कुणीही आणला असो, त्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.