वाचकांचे प्रश्न : घरच्या वर्कशॉपमधली विजेची मोटारसायकल

विजेच्या दुचाकींविषयी आमच्याकडे येणारी पत्रे बहुधा एका चार्जिंगमध्ये गाडी किती चालते आणि अनुदान किती मिळते, एवढ्यापुरतीच असतात. मराठवाड्यातून आलेल्या काही पत्रांचा विषय मात्र वेगळा आहे. तयार गाडी विकत घेण्याऐवजी ती स्वतःच्या आराखड्याप्रमाणे हाताने घडवावी का, असे या वाचकांनी विचारले आहे. त्यांतील चार प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (लातूर) : मी आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. आमचे ट्रॉली आणि शेतीची अवजारे बनवण्याचे वर्कशॉप आहे. लेथ, पाइप बेंडिंग आणि वेल्डिंगची सोय घरचीच आहे. गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे एकेक विजेची मोटारसायकल स्वतः डिझाइन करून विकण्याचा माझा विचार आहे. अशा गाडीला नंबर मिळेल का? चासी, मोटर आणि बॅटरी यांपैकी काय स्वतः करावे आणि काय विकत घ्यावे?

उत्तर : तुम्ही नंबरचा प्रश्न आधी विचारलात हे बरे केलेत, कारण पुष्कळ हौशी कारागीर तो गाडी रंगवून झाल्यावर विचारतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीशिवाय मोटार वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही. विक्रीसाठी बनवलेल्या गाडीची नोंदणी व्हायची, तर त्या नमुन्याला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये नमूद केलेल्या चाचणी संस्थेकडून मान्यता घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय आणि तुम्हाला त्याहून जवळ असलेली अहिल्यानगरची व्हीआरडीई या अशाच संस्था आहेत. ही मान्यता नमुन्याला मिळते. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी चासी, मोटर किंवा बॅटरी बदललीत, तर कायद्याच्या दृष्टीने प्रत्येक गाडी हा नवा नमुना ठरतो आणि चाचणीचा खर्च एकाच गाडीवर पडतो. एकट्या डिझायनरचा धंदा बुडतो तो बहुधा येथेच. त्याचे वेल्डिंग कच्चे असते म्हणून नव्हे.

यावर व्यवहार्य मार्ग असा, की चासी, मोटर, बॅटरी, ब्रेक आणि दिवे यांचा एकच संच कायम करून त्याला मान्यता घ्यावी आणि गिऱ्हाइकाची आवडनिवड बैठक, पत्र्याचे आवरण, सामान ठेवण्याची सोय आणि रंग यांतून पूर्ण करावी. यांतील कोणते बदल मान्यतेच्या चौकटीत बसतात, हे चाचणी संस्थेकडून आधीच लेखी घ्यावे. तोपर्यंत पहिली गाडी स्वतःच्या शेतात किंवा कुंपणाच्या आत चालवून पाहता येईल. गावातला रस्ता मात्र सार्वजनिकच असतो, हे लक्षात ठेवावे.

दुसरी वाट सायकलीची आहे. मोटरची तीस मिनिटांची शक्ती (म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती) २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर त्या वाहनाला मोटार वाहन मानले जात नाही. त्याला नोंदणीही लागत नाही आणि परवानाही लागत नाही. मात्र ते या मर्यादेत बसते याची पडताळणीसुद्धा चाचणी संस्थेकडूनच करून घ्यावी लागते. बाजारात कागदावर २५ आणि वायर जोडली की ४५ अशा वेगाच्या गाड्या सर्रास विकल्या जातात. त्या वाटेला तुम्ही जाऊ नये.

आता कामाकडे वळू. चासी हे तुमचे खरे क्षेत्र आहे आणि ती तुम्ही अवश्य करावी, परंतु ट्रॉलीच्या वेल्डिंगची सवय येथे जशीच्या तशी चालणार नाही. ट्रॉलीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक खपतो, मोटारसायकलीत तेवढ्याने गाडी एका अंगाला ओढते. म्हणून पाइप कापण्याआधी भक्कम जिग (भाग जागच्या जागी धरून ठेवणारा साचा) बनवा, हेडट्यूब (हँडलचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) आणि स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट तिच्यावर पक्के धरा, आधी सगळीकडे टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारा आणि मग आलटूनपालटून दोन्ही बाजूंचे जोड पूर्ण करा, म्हणजे उष्णतेने चासी वाकणार नाही. हेडट्यूबचा कोन आणि ट्रेल (हेडट्यूबची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून पुढचे चाक जिथे टेकते तिथपर्यंतचे अंतर) या दोन मापांवर गाडीचा स्वभाव ठरतो. उभ्या रेषेपासून २४ ते २६ अंशांचा कोन आणि ९० ते १०० मिलिमीटर ट्रेल असेल, तर रोजच्या वापराची गाडी चपळही राहते आणि सरळही धावते. चित्रात देखणा दिसतो म्हणून पुढचा फोर्क ३५ अंशांवर ताणलेली गाडी लातूरच्या गंजगोलाईतून एकदा वळवून पाहावी. हौस तिथल्या तिथे फिटते.

मोटर चाकातच बसवावी की चासीत, हा प्रश्न तुम्ही विचारला नसला तरी तो येणारच. हब मोटर बसवायला सोपी असते. साखळी आणि स्प्रॉकेटची (साखळीच्या दातेरी चक्राची) कटकट राहत नाही. पण तिचे सगळे वजन मागच्या सस्पेन्शनच्या खाली, चाकावर येते, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याचा मार रिमला आणि बसणाऱ्याच्या पाठीला सोसावा लागतो. माझे मत चासीत बसणाऱ्या मोटरच्या बाजूचे आहे. तिचे गणित करून पाहू. १७ इंची रिमवर १००/९० चा टायर घेतला, तर चाकाचा घेर सुमारे १.९२ मीटर होतो. ताशी ७० किलोमीटर वेगाला हे चाक मिनिटाला साधारण ६०७ फेरे घेते. मोटर ४,००० फेऱ्यांवर चालवायची असेल, तर एकूण गुणोत्तर ६.६ लागते. एवढे गुणोत्तर एकाच साखळीत बसवायचे म्हटले तर मागचे स्प्रॉकेट थाळीएवढे होईल. म्हणून आतच २.३५ पट गिअर असलेली मोटर घ्यावी आणि पुढे १५, मागे ४२ दात ठेवावेत, गुणोत्तर ६.५८ येते आणि साखळीची रेषाही सुटसुटीत राहते. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे साखळीची किरकिर आणि सैल पत्र्याचा खडखडाट या गाडीत स्पष्ट ऐकू येतो. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीत झाकून जाणारी ढिलाई येथे झाकली जात नाही.

बॅटरी मात्र स्वतः बनवू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तुम्हाला ते जमणार नाही, असे मी म्हणत नाही. पण सेलची क्षमता आणि अंतर्गत रोध मोजून जुळवणी करणे, स्पॉट वेल्डिंगचा प्रत्येक जोड सारखा ठेवणे आणि पाणी व हादरे यांपासून पॅक वाचवणे हा एक वेगळाच धंदा आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात विजेच्या स्कूटरना लागलेल्या आगींनंतर एआयएस-१५६ हे सुरक्षा मानक कडक करण्यात आले, आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. या मानकाला उतरलेला पॅक विकत घेतलात, तर तुमच्या चाचणीतील सर्वांत अवघड भाग बराच हलका होतो. आकाराचा अंदाज असा धरावा, की मध्यम वेगाला अशी गाडी किलोमीटरला ३५ ते ४० वॅट-तास घेते. ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांचा पॅक म्हणजे २.८८ किलोवॅट-तास, म्हणजे लातूरहून औसा गाठून परत येऊनही निम्म्याच्या आसपास चार्ज शिल्लक. महामार्गावर ८० च्या पुढे गेलात, तर वाऱ्याचा विरोध हा हिशेब झपाट्याने बिघडवतो. एक गोष्ट विसरू नका: ६० व्होल्ट डीसीच्या वरचा विद्युतदाब धोकादायक वर्गात मोडतो. डीसीसाठीचाच फ्यूज, मुख्य कॉन्टॅक्टर (बॅटरीचा प्रवाह जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) आणि कंट्रोलरमधील कपॅसिटर सावकाश भरणारा प्रीचार्ज रोध, यांत काटकसर नको.

प्रश्न (परभणी) : आमच्या गावातील एक गॅरेजवाला जुन्या मोटारसायकलीचे इंजिन काढून त्यात मोटर आणि बॅटरी बसवून देतो. आरसी बुक जुनेच चालेल, असे तो सांगतो. ते खरे आहे का?

उत्तर : नाही. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल केवळ मान्यताप्राप्त किटनेच (मोटर-बॅटरीच्या तयार संचानेच) करता येतो. ते किट तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी तपासलेले असावे लागते, आणि नोंदणी प्रमाणपत्रावर इंधनाचा बदल आरटीओकडून चढवून घ्यावा लागतो. विनापरवाना बदलासाठी कलम १८२ अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षाही मोठी काळजी विम्याची आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी कागदावरील गाडी आणि रस्त्यावरील गाडी ताडून पाहते. गॅरेजवाल्याकडे किटचे मान्यतापत्र मागा. ते नसेल, तर काम देऊ नका.

प्रश्न (बीड) : मुलाने मित्राच्या मदतीने एक विजेची सायकल बनवली आहे. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि सायकल पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. बॅटरीचा स्फोट होईल, अशी भीती वाटते. चार्जिंग रात्री करावे की दिवसा?

उत्तर : हवा ४३ अंशांची असली, तरी पत्र्याखालची जागा आणि उन्हात तापलेली पेटी त्याहून बरीच गरम असते. एवढ्या उष्णतेने चांगली बॅटरी लगेच पेट घेत नाही, पण तिचे आयुष्य वेगाने घटते. पूर्ण भरून तापत ठेवली, तर आणखी वेगाने. धोका असतो तो खराब जोड, बिघडलेली बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट) आणि चुकीचा चार्जर यांचा, आणि उष्णता या तिन्हींना हातभार लावते. तेव्हा मुलाला रागावण्याआधी चार गोष्टी विचारा: सेल नवे आहेत की जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, बीएमएसला तापमानाचा सेन्सर आहे का, फ्यूज कुठे आहे आणि चार्जर त्याच रसायनाच्या बॅटरीसाठीचा आहे का. लोह-फॉस्फेट सेल ३.६५ व्होल्टला भरतो आणि निकेलवर्गीय सेल ४.२ ला, त्यामुळे चार्जरची अदलाबदल घातक ठरते. यांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर बॅटरी काढून ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी.

वेळेचे म्हणाल, तर सायकल फिरवून आणल्यावर किमान तासभर थंड होऊ द्यावी आणि पहाटे किंवा सकाळी, घरातले कोणी जागे असताना चार्ज करावी. सगळे झोपलेले असताना, जिन्याखाली किंवा बाहेर पडण्याच्या एकमेव दाराजवळ कधीही नको. सुट्टीत महिनाभर पडून राहणार असेल, तर निम्मी भरून सावलीत ठेवावी. नवी बॅटरी घ्यायचीच असेल, तर थोडी जड असली तरी लोह-फॉस्फेटची घ्यावी. आपल्या उन्हाळ्यात ती अधिक सोशिक ठरते.

प्रश्न (जालना) : मी कारखान्यात फोरमन आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये १९८५ पासून दुचाक्यांचा एवढा मोठा कारखाना असताना एकट्या माणसाने हाताने गाड्या बनवण्याचा खटाटोप कशासाठी? हे केवळ श्रीमंतांचे खेळणे नाही का?

उत्तर : किमतीच्या बाबतीत तुमचे म्हणणे बरोबर आहे, हाताने घडवलेली गाडी कारखान्याच्या गाडीशी किमतीत कधीच टक्कर देऊ शकणार नाही, आणि तशी आशा दाखवणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण लहान वर्कशॉपने या क्षेत्रात केलेले काम खेळण्यापुरते राहिलेले नाही. आइल ऑफ मॅन बेटावर २००९ मध्ये प्रथमच झालेली प्रदूषणमुक्त मोटारसायकलींची शर्यत टीम अग्नी या छोट्या चमूने ताशी सुमारे १४० किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. गाडीची चासी सुझुकीची होती, पण सेड्रिक लिंच या ब्रिटिश मोटर-डिझायनरच्या आराखड्याच्या तिच्या मोटरी गुजरातेत तयार झालेल्या होत्या. चासी स्वतः न बनवताही त्यांची गाडी नवी ठरली, हे लातूरच्या वाचकानेही ध्यानात घ्यावे.

शिवाय वाळूजचा मोठा कारखाना आणि एकटा डिझायनर हे प्रतिस्पर्धी आहेत, असे मला वाटत नाही. वाळूज आणि चिकलठाण्यात लेझर कटिंग, सीएनसी आणि पावडर कोटिंगची कामे करणारे शेकडो लहान उद्योग उभे राहिले, ते मोठ्या कारखान्यांच्या जोरावरच, आणि हाताने गाडी घडवणारा माणूस आपले ब्रॅकेट त्यांच्याकडूनच कापून घेतो. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमधील सामायिक सुविधाही लहान उद्योजकांसाठीच आहेत. मोठा कारखाना एक नमुना लाखोंसाठी काढतो. ज्याचा एक पाय अधू आहे, जिची उंची पावणेपाच फूट आहे किंवा ज्याला ऊसतोडीच्या फडातून पाण्याचे कॅन न्यायचे आहेत, त्यांच्यासाठी तो वेगळी चासी काढणार नाही. असे गिऱ्हाईक मोजके असते आणि ते कारखान्याच्या यादीत बसत नाही. लहान वर्कशॉपने त्याच्याकडेच जावे. श्रीमंताच्या दिवाणखान्यात शोभेची गाडी उभी करण्यापेक्षा त्या कामाला पैसेही अधिक नियमित मिळतील, असा माझा अंदाज आहे. अपंगांसाठी बदललेल्या गाडीची मान्यता आणि परवाना यांचे नियम स्वतंत्र आहेत. त्यासाठी आराखडा काढण्याआधीच आपल्या आरटीओ कार्यालयात चौकशी करावी.