चादरींच्या बिलात काही पैशांचा फरक का पडतो?

सोलापुरी चादरींच्या घाऊक बिलांची बेरीज काही पैशांनी चुकते आणि डेटाबेसमधील रकमेचा कॉलम फ्लोट (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या) प्रकारचा आहे, असे आपण लिहिले आहे; दोष बेरजेत नसून त्या प्रकारातच आहे. ०.१ ही संख्या बायनरी (० आणि १ या दोनच अंकांच्या) पद्धतीत नेमकी मांडताच येत नाही, म्हणून डबलमध्ये (फ्लोटच्याच जातीच्या, पण अधिक अचूक प्रकारात) ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी दिसते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये कॉलम डेसिमल(१२,२), म्हणजे एकूण बारा अंक आणि त्यांतील दोन दशांश स्थळे नेमकी साठवणारा, करावा. सुताचे वजन किलोत, पण ग्रॅमपर्यंत नेमके हवे असल्यास तीन दशांश स्थळे ठेवावीत. मात्र एवढ्याने भागत नाही, कारण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत तीच रक्कम डबल म्हणून वाचली की जुने दुखणे परत येते. तेथे बिगडेसिमल (दशांश संख्या नेमकी ठेवणारा जावाचा प्रकार) वापरावा आणि तोही डबलवरून नव्हे, तर स्ट्रिंगवरून, म्हणजे मजकूर म्हणून लिहिलेल्या संख्येवरून, तयार करावा. मायएसक्यूएलऐवजी डेटाबेस एसक्यूलाइट असेल, तर त्यात खरा डेसिमल प्रकारच नसल्याने रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवणे मला अधिक सुरक्षित वाटते.