कालप्रवास म्हणजे कालचा प्रवास नव्हे

प्रश्न आला आहे: ‘टाइम ट्रॅव्हलला कालप्रवास म्हणावं की काळप्रवास? कालप्रवास म्हटलं की काल केलेला प्रवास वाटतो.’

कालप्रवास म्हणा. संस्कृत ‘काल’ समासात पहिला आला की बहुधा ल राखतो: कालगणना, कालखंड, कालबाह्य. शेवटी आला की ळ होतो: भूतकाळ, दुष्काळ, संध्याकाळ. काळरात्र, काळवेळ वगैरे आहेत, पण त्यांच्यासाठी नियम मोडायला नको. ‘वेळप्रवास’ तर नकोच. वेळ लोकलची असते, विश्वाची नसते.

आता ‘कालचा प्रवास’ वाटण्याबद्दल. हे वाटणं चुकीचं आहे, आणि त्यावर उभा केलेला एक बुडबुडा मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे: हिंदीत काल आणि उद्या दोन्हींना ‘कल’ म्हणतात, कल म्हणजे काल, काल म्हणजे काळ, तेव्हा काळ मागेपुढे धावतो हे पूर्वजांना ठाऊक होतं! अहो, या ‘कल’चा त्या काळाशी संबंधच नाही. तो आला ‘कल्य’पासून. कल्य म्हणजे पहाट. अमरकोशात तो प्रत्यूष आणि अहर्मुख यांच्या पंगतीला बसला आहे. कल्यचं प्राकृतात कल्ल झालं, आणि कल्लचं मराठीत काल.

पुरावा हवा? फळ आणि फूल घ्या. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो: फल–फळ, मूल–मूळ, कमल–कमळ. जोड ल्ल मात्र सुटा होताना ल-च राहतो: फुल्ल–फूल, गल्ल–गाल, मूल्य–मोल्ल–मोल. काळ फळाच्या घरचा, काल फुलाच्या घरचा. एवढं कानाला स्वच्छ ऐकू येत असताना काही विद्वान दोन्ही शब्द ‘कल्’ धातूत कोंबतात आणि ‘शेवटी एकच हो’ म्हणतात. कल् धातू म्हणजे कामधेनू, पिळाल तो अर्थ देते. टर्नरच्या भारतीय आर्यभाषांच्या व्युत्पत्तिकोशात दोघांच्या नोंदी वेगळ्या आहेत, तेवढ्या तरी उघडून बघाव्यात.

पूर्वजांचं कौतुकच करायचं असेल तर ‘परवा’चं करा. संस्कृत ‘परश्वः’ फक्त पुढचा, उद्यानंतरचा. आपला परवा दोन्हीकडचा: परवा गेलो, परवा जाईन. क्रियापद येईपर्यंत दिशाच ठरत नाही. न्यूटनची गतीची समीकरणंही अशीच, काळाचं चिन्ह उलटं केलं तरी चालतात. फुटलेला कप मात्र सांधला जात नाही, कारण दिशा ठरवते ती एन्ट्रॉपी, म्हणजे वाढत जाणारी अव्यवस्था. मराठीत ते काम क्रियापद करतं, असा माझा लाडका सिद्धांत आहे. भाषाशास्त्रज्ञ हसतात. हसू देत.

आणि भविष्याकडे जाणं ही नुसती कल्पना नव्हे. जीपीएस उपग्रहांमधली घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, पण वर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ४५ पुढे जातात. फरक ३८चा. तो सुधारला नाही तर नकाशा दिवसाला दहाएक किलोमीटर चुकेल. म्हणजे उपग्रहाच्या मानाने आपण जमिनीवरचेच भविष्यात किंचित लवकर पोचतो, तिकीट न काढता.

भांडण आहे ते मागे जाण्याचं. १९४९ मध्ये गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्या समीकरणांतून असं फिरतं विश्व काढून दाखवलं, की त्यात प्रचंड वेगाने लांबची फेरी मारून माणूस स्वतःच्या कालमध्ये पोचेल. आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही, हे आजोबांचं नशीब. नाहीतर नातू जाऊन त्यांचं लग्नच मोडायचा आणि मग मोडणारा आला कुठून, हा घोळ. हॉकिंगने १९९२ मध्ये अटकळ मांडली की भौतिकीचे नियमच असा घोळ होऊ देत नसावेत. मग २८ जून २००९ला त्याने केंब्रिजमध्ये कालप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि आमंत्रणं मेजवानी झाल्यावर जाहीर केली. कुणी आलं नाही. पण आमंत्रण इंग्रजीत होतं. मराठीत नुसतं ‘परवा, केंब्रिजला’ एवढं लिहिलं असतं, तर दोन्ही बाजूंनी चाललं असतं.