पहिला लेख येळवशीवर लिहा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बी.ए. झालंय, लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात सासर आहे, घरची सोयाबीन-तुरीची शेती, हातात फक्त फोन. एका लेखांच्या वेबसाइटनं तुमच्याकडून आठशे शब्दांचा नमुना लेख मागितलाय आणि चार विषय दिलेत: लिंबूपाण्याचे फायदे, गृहकर्ज कसं घ्यावं, हिवाळ्यात त्वचेची काळजी आणि आपल्या भागातला सण. कोणता घेऊ, पैसे खरंच मिळतात का आणि 'माझी मराठी गावाकडची आहे, चालेल का', असं तुम्ही विचारलंय. मी अंबाजोगाईत राहून नऊ वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं त्यावर अवलंबून आहे. चालेल. आमच्या गावात मराठीचे आद्यकवी मुकुंदराज यांची समाधी आहे, जनाबाईंचं गंगाखेड परभणी जिल्ह्यात, एकनाथांचं पैठण वर गोदावरीकाठी. मराठी आपल्याकडं कुणी बाहेरून आणून दिलेली नाही. मोंढा, आडत, तिफण, कोळपणी, रास हे शब्द तुमच्या तोंडात आहेत, ते लेखात तसेच येऊ द्या. एखादा शब्द बाहेरच्या वाचकाला अडेल असं वाटलं तर त्याच वाक्यात ओघानं अर्थ सांगून टाका. शुद्धलेखन मात्र पक्कं करावं लागेल. आपण बोलताना 'पानी' म्हटलं तरी लिहिताना 'पाणी'च. १९६२ साली ठरलेले नियम एकदा नीट वाचा, फार नाहीत. 'कृषी विद्यापीठ' लिहिताना षी दीर्घ आणि 'कृषिप्रधान' लिहिताना ऱ्हस्व, हे एकदा डोक्यात बसलं की 'कवी' आणि 'कविसंमेलन' आपोआप बरोबर येतात. संपादक नव्या लेखकाचा मजकूर उघडतो तेव्हा त्याची नजर आधी अशाच ठिकाणी जाते.

आता विषय. लिंबूपाणी घेऊ नका. तो लेख आधीच शेकडो ठिकाणी आहे आणि एआयला सांगितलं तर अर्ध्या मिनिटात आणखी एक तयार होतो. त्यासाठी तुम्हाला कुणी पैसे का द्यावेत? गृहकर्ज आणि त्वचा या दोन्हींत चुकीचं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या खिशाला किंवा अंगाला त्रास होतो, त्यामुळे त्यातलं शिक्षण किंवा अनुभव नसताना हात घालायचा नाही. उरला सण. तुमच्याकडं तर येळवस आहे! मार्गशीर्ष अमावस्येला लातूर शहरातल्या बाजारपेठा ओस पडतात, सगळं गाव शेतात असतं, जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला माहीतच नाही. तो वाचेल.

पण कसं लिहायचं, ते सांगते. नव्या लेखकाच्या दहातल्या आठ लेखांची सुरुवात 'भारत हा सणांचा देश आहे' अशी असते. मग 'महाराष्ट्रातही अनेक सण साजरे होतात', मग 'त्यापैकीच एक म्हणजे'. तीन वाक्यं गेली आणि वाचकाच्या हाती काही लागलं नाही. त्याऐवजी तुम्ही सरळ आदल्या रात्रीच्या चुलीपासून सुरू करा. भज्जीत, म्हणजे त्या दिवसाच्या मिसळीच्या भाजीत, काय काय पडतं ते मोजून लिहा: हरभऱ्याचा पाला, तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, चिंच, बेसन, आणि तुमच्या घरी आणखी जे असेल ते. उंडे, म्हणजे वाफवलेले पिठाचे गोळे, बाजरीचे की ज्वारीचे? आंबील किती दिवस आधी लावली, तिला लसूण कधी लागला, मडकं कुणाच्या डोक्यावर शेतात गेलं? कडब्याची कोप, म्हणजे शेतातली खोपी, कुणी बांधली, तिचं तोंड कुठल्या दिशेला, आत चुन्यानं रंगवलेले दगडांचे पांडव कुणी मांडले? संध्याकाळी हेंडगा, म्हणजे गवताची मशाल, पेटवून रानाभोवती कोण फिरलं? हे सगळं तुम्ही पाहिलंय. लिहिताना मात्र आपल्याला वाटतं, 'यात काय सांगायचं, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.' तेच सांगायचं असतं.

जे माहीत नाही ते विचारायचं. घरात सासूबाई असतील, शेजारी एखादे म्हातारे आजोबा असतील. वही घेऊन बसा. नावाचा अर्थ विचारलात तर एकेकजण वेगळा सांगेल. हा सण कर्नाटकातही बीदर-कलबुर्गीकडं होतो. कन्नडात 'एळ्ळु' म्हणजे तीळ आणि 'एळु' म्हणजे सात, म्हणून कुणी तिळाची अमावस्या म्हणतं, कुणी सातवी. अशा वेळी एकच अर्थ ठोकून द्यायचा नाही. दोन्ही द्या आणि 'असं सांगतात' म्हणा. एवढ्या एका गोष्टीनं संपादकाचा तुमच्यावर विश्वास बसतो.

मला हे एका परत आलेल्या लेखानं शिकवलं. पहिल्याच वर्षी मी सोयाबीनच्या पेरणीवर लेख दिला होता. त्यात एक वाक्य होतं, 'पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण क्षमता तपासून घ्यावी.' संपादक बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून एवढंच विचारलं होतं, 'कशी?' मला लाज वाटली, कारण माझे सासरे दर वर्षी मे महिन्यात ओसरीवर तेच करायचे आणि मी रोज त्यांच्या हाताजवळून ये-जा करत होते. मी ते वाक्य काढून टाकलं आणि पाहिलेलं लिहिलं: घरच्या पोत्यातले न निवडता शंभर दाणे घ्यायचे, भिजवून पिळलेल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा टाकून अलगद गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं, आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त आले तर बियाणं नेहमीच्या मापानं पेरायचं, कमी आले तर एकरी बियाणं वाढवायचं. सोयाबीनचं टरफल पातळ, कोंब त्याच्या लगेच खाली, म्हणून पोतं आपटलं तरी उगवण घटते, हेही सासऱ्यांनीच सांगितलं होतं. ते मी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या शिफारशींशी ताडून पाहिलं आणि मगच दिलं. तो लेख पुढं दर मे-जूनमध्ये लोक शोधून वाचत राहिले. मला त्या वेबसाइटवर कायमचं काम मिळालं ते त्या एका परिच्छेदामुळं.

आकडा लिहिताना त्याच्याशेजारी साल लिहायची सवय आजपासून लावा. 'सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये' एवढंच लिहिलं तर पुढच्या वर्षी तो लेख खोटा होतो. '२०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ५,३२८ रुपये, त्याआधीच्या वर्षी ४,८९२' असं लिहिलं तर तो टिकतो.

मथळ्याचं एक गुपित आहे, तेही सोपंच आहे. लोक शोधताना काय टाइप करतात? आपण 'येळवस' म्हणतो, वर्तमानपत्रं 'वेळ अमावस्या' लिहितात, कुणी 'वेळा अमावस्या' लिहितं. मथळ्यात एक नाव घ्या, पहिल्या परिच्छेदात बाकीची दोन येऊ द्या. ओळीओळीत तेच नाव कोंबायचं नाही, वाचताना कंटाळा येतो. आणि सणाचा लेख सणाच्या दिवशी देऊन उपयोग नसतो, निदान तीन-चार आठवडे आधी द्या.

फोनवरून लिहिता येतं, मी पहिली दोन वर्षं तेच केलं. फक्त मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर तसाच दिसेल असा हवा, फोनच्या मराठी कीबोर्डवर तो तसाच येतो. गावातल्या डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉण्टमध्ये टाइप करून घेऊ नका, समोरच्याकडं उघडताना त्याचा कचरा होतो. फोटो स्वतः काढा, फोन आडवा धरून. गूगलवरून उचललेला फोटो कुणाच्या तरी मालकीचा असतो. विकिपीडियावरचा मजकूरही श्रेय दिल्याशिवाय उचलता येत नाही.

आता पैसे. मिळतात, पण सुरुवातीला थोडे आणि उशिरा. काही जागी शब्दावर देतात, काही जागी लेखावर, तर काही जागी 'वाचक येतील तसा हिस्सा' म्हणतात. नव्या माणसानं हिश्शाच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण वाचक किती आले हे आपल्याला तपासता येत नाही. माझा पहिला दर शब्दाला वीस पैसे होता, म्हणजे सहाशे शब्दांचे एकशेवीस रुपये, आणि त्या लेखाला माझे दोन दिवस गेले होते. वर्षभरानं दर वाढवून मागितला तेव्हा मिळाला. न मागता कुणी वाढवला नाही. मागायला संकोच करू नका, कामाचे पैसे आहेत.

दुसऱ्या वर्षी एका वेबसाइटनं माझे अकरा लेख घेतले आणि एक रुपयाही दिला नाही. 'पुढच्या आठवड्यात' म्हणत चार महिने काढले, मग फोन उचलणं बंद. सगळं बोलणं फोनवर झालं होतं, माझ्याकडं लिहिलेलं काहीच नव्हतं. ते अकरा लेख मी रात्री लेकरं झोपल्यावर लिहिले होते. अजूनही आठवलं की जीव तुटतो. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी मी चार ओळींचा मेल टाकते: विषय हा, शब्द इतके, दर इतका, पैसे लेख दिल्यापासून इतक्या दिवसांत, मान्य असल्यास उत्तर द्यावं. उत्तर आल्याशिवाय लिहायला बसत नाही. नव्या ठिकाणी पहिल्या दोन लेखांचे पैसे हातात येईपर्यंत तिसरा देत नाही. तुम्हीही एक वही ठेवा: लेख कधी दिला, किती शब्द, पैसे कधी आले.

नमुना लेख फुकट द्यावा का? एक द्या, दुसरा नको. खाली लिहा, 'हा नमुना आहे, मानधन ठरल्याशिवाय प्रसिद्ध करू नये.' चांगली माणसं या ओळीवर रागावत नाहीत. करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं आलं तर थांबून विचार करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा हक्क पहिल्यांदा त्या लेखकाचाच असतो आणि लेखी, सही केलेल्या कराराशिवाय तो दुसऱ्याला देता येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. मी थोड्या पैशांच्या लेखाला कायमचे हक्क देत नाही, भरपूर देत असतील तर देते.

बँक खातं स्वतःच्या नावावर हवं, पॅनही स्वतःचं. नवऱ्याच्या खात्यात घेऊ नका, हे मी मोठ्या बहिणीसारखं सांगते. पैसे देतानाच कर (टीडीएस) कापला गेला तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर दिसतो आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

कुणी काम देण्याआधी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागितलं तर तिथूनच परत फिरा. 'घरबसल्या टायपिंग' म्हणून पानं देतात, मग चुका निघाल्या म्हणून वकिलाच्या नावानं नोटीस पाठवून पैसे उकळतात. आपल्याकडच्या किती पोरींनी घाबरून दागिना गहाण टाकून पैसे भरलेत! अशी धमकी आली तर एक रुपया भरू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा.

एआयकडून लेख लिहून घेऊन आपल्या नावावर देऊ नका. गूगलनं मार्च २०२४ मध्ये अशा घाऊक भरताड मजकुराविरुद्ध नियम कडक केले, त्यामुळे शहाण्या वेबसाइटी तो घेत नाहीत. आणि तुमच्या शेतातली कोप त्यानं पाहिलेली नाही.

येळवशीनंतर विषयांची चणचण पडणार नाही. २०२२ च्या खरिपात शंखी गोगलगायींनी कोवळी सोयाबीन रात्रीतून फस्त केली, तेव्हा तुमच्या शिवारात कुणी काय केलं? किल्लारी तर तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाच्या पहाटेबद्दल दर वर्षी लिहिलं जातं, पण पुनर्वसनाच्या गावात तीस वर्षं काढलेल्या बाईनं आपलं नवं घर कसं आपलंसं केलं, हे कमी लिहिलं गेलंय. त्यावर लिहाल तेव्हा आधी परवानगी घ्या, नाव छापायचं का ते विचारा, आणि माणूस गप्प झालं तर पुढचा प्रश्न विचारू नका. चहा घ्या आणि परत या.

सध्या फक्त नमुन्याकडं लक्ष द्या. पहिला परिच्छेद लिहून झाला की सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. 'असं नसतंय' असं त्या जिथं म्हणतील तिथं खूण करा, दुरुस्त करा, आणि मग तो परिच्छेद इथंच टाका. मी रात्री नऊनंतर मोकळी असते, वाचून सांगते.