वाचकांचे प्रश्न: शहराचा कौल कसा वाचायचा?

प्रश्न: आमच्या मतदारसंघात विधानसभेला जो पक्ष जिंकला, त्यालाच शहराने कौल दिला असं सगळे म्हणतात. हे तपासायचं कसं?

उत्तर: नगरपरिषदेचं शहर म्हणजे अख्खा विधानसभा मतदारसंघ नव्हे. त्यात तालुक्यातली गावंही असतात, आणि पुष्कळदा त्यांचीच मतं जास्त भरतात. म्हणून आधी शहर वेगळं काढा.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना 20, म्हणजे अंतिम निकालपत्रक, मिळतो. त्यात केंद्रनिहाय प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा आणि एकूण मतं असतात. लोकसभेचा नमुना 20 विधानसभा क्षेत्रनिहाय असतो, तेव्हा आपल्या क्षेत्राचाच घ्या. शेजारी मतदान केंद्रांची यादी उघडून शहरातल्या केंद्रांचे क्रमांक टिपा आणि तेवढ्याच ओळी एका तक्त्यात उतरवा. कागद स्कॅन केलेला असला तर आकडे हाताने भरावे लागतात, आणि तिथेच 3 चा 8 होतो. प्रत्येक ओळीची बेरीज छापील एकूणाशी जुळवूनच पुढच्या ओळीवर जा. टपाली मतं शेवटी एकत्र दिलेली असतात. ती कोणत्याच केंद्राची नाहीत, त्यामुळे ती शहरात मिसळू नका.

टक्केवारी नोटा धरून काढायची की वगळून, हे एकदाच ठरवा. मतदानाची टक्केवारी हवी असेल तर त्या केंद्राच्या मतदार यादीच्या शेवटच्या पानावरचा गोषवारा घ्या, कारण नमुना 20 मध्ये केंद्रनिहाय एकूण मतदार दिलेले नसतात. यादीत मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं राहिली असतील तर टक्का कमी दिसतो. जुन्या पेठेत कमी मतदान दिसलं की लोक उदासीन, असं लगेच म्हणू नका. आधी यादी पाहा.

प्रश्न: केंद्र क्र. 112 वर 2019 मध्ये एका पक्षाला आघाडी होती, 2024 मध्ये दुसऱ्याला. लोक फिरले का?

उत्तर: कदाचित 112 च फिरलं असेल! केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात. एका केंद्रावर 1,500 मतदारांची मर्यादा होती, ती 2025 मध्ये 1,200 वर आणली गेली, त्यामुळे पुढेही सरकतील. क्रमांकावर विसंबू नका. यादी भागातली (यादी भाग म्हणजे एका केंद्राची मतदार यादी) गल्ल्यांची आणि वस्त्यांची नावं जुळवा. केंद्र दुभंगलं असेल तर दोन्ही तुकड्यांची बेरीज करून जुन्याशी ताडा. 2009 च्या आधीचे निकाल मात्र सोडून द्या, तेव्हा मतदारसंघांच्या हद्दीच वेगळ्या होत्या.

दुसरी अडचण पक्षांची. शिवसेना 2022 मध्ये फुटली, राष्ट्रवादी 2023 मध्ये. 2019 ची धनुष्यबाणाची मतं 2024 च्या धनुष्यबाणासमोर ठेवून ‘घट’ काढणं चुकीचं आहे. त्यातच 2019 मधले मित्र 2024 मध्ये समोरासमोर होते. एकच सलग रेघ ओढण्यापेक्षा दोन वेगळे तक्ते ठेवलेले बरे.

प्रश्न: लोकसभेला ज्या पक्षाची लाट होती, त्याच पक्षाचा नगराध्यक्षपदाचा उमेदवार पडला. मतं किती फुटली, हे मोजता येईल?

उत्तर: नेमकं नाही, पण किमान आकडा सांगता येतो. समजा, एका भागात लोकसभेला 640 मतं पडली आणि पक्षाला 400 मिळाली, म्हणजे 62.5 टक्के. पालिकेला 720 मतं पडली, पक्षाला 350, म्हणजे 48.6 टक्के. वरवर पाहता चौदा टक्क्यांची पडझड. प्रत्यक्षात पक्षाची मतं 50 ने घटली आणि मतदान 80 ने वाढलं. किमान 50 जण पक्षापासून दुरावले (काही दुसरीकडे गेले, काही घरीच बसले), एवढंच हा आकडा सांगतो. पालिकेला उमेदवार दारापर्यंत येतो, त्यामुळे लोकसभेला न उतरलेला मतदारही बाहेर पडतो. अशा ठिकाणी टक्क्यांपेक्षा मतांची संख्या पाहावी.

इथे जुळणी करणं जास्त किचकट आहे. पालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो आणि विधानसभेचीच यादी प्रभागांनुसार फोडतो. एका यादी भागातली माणसं दोन प्रभागांत जाऊ शकतात. प्रभागाच्या यादीत नावापुढे विधानसभेचा भाग क्रमांक असतो, त्यावरून धागा लागतो.

दोन सदस्यांच्या प्रभागात मतदार तीन मतं देतो: एक नगराध्यक्षाला, दोन नगरसेवकांना. एकाच केंद्रावर नगराध्यक्षाला 300 आणि त्याच चिन्हावरच्या नगरसेवकाला 450 मतं असतील, तर मतदारांनी पक्ष सोडला नाही, नगराध्यक्षाचा उमेदवार नाकारला. पक्ष ओळखायचा तर लोकसभा पाहा, माणसं ओळखायची तर पालिका.

प्रश्न: अमुक केंद्रावर अमुक समाजाची वस्ती जास्त आहे. म्हणजे त्या समाजाने कोणाला मत दिलं, हे कळतंच ना?

उत्तर: नाही. केंद्रावर 60 टक्के लोक एका समाजाचे आणि 60 टक्के मतं एका पक्षाला, म्हणून ती त्यांचीच, असं होत नाही. गणिताने एवढंच ठरतं की शंभरातल्या त्या 60 मतांपैकी किमान 20 त्या समाजाची आहेत, आणि तेही सगळ्या समाजांत मतदानाचं प्रमाण सारखंच होतं असं धरून. उरलेली 40 कोणाची, हे नमुना 20 कधीच सांगणार नाही.