पहिले ॲप तडीस नेताना

या वेळच्या टपालात ॲप डेव्हलपमेंटविषयीची पत्रे इतकी आली की, सदराची सगळी जागा त्यांनाच द्यावी लागत आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून तीन वर्षे एका कंपनीच्या लेखा विभागात काम करत आहे. मला ॲप डेव्हलपर व्हायचे आहे. कोणी अँड्रॉइडसाठी कोटलिन ही भाषा शिकायला सांगते, कोणी फ्लटर हे दोन्ही प्रकारच्या फोनसाठीचे साधन, तर कोणी आयफोनसाठी स्विफ्ट ही भाषा. गेले चार महिने मी तिन्हींचे व्हिडिओ पाहतो आहे. नेमके काय निवडावे? संगणकशास्त्राची पदवी नसणे आड येईल का?

उत्तर : चार महिन्यांत तुम्ही तीन वाटांच्या तोंडाशी जाऊन परत आला आहात. माझ्या मते अडचण निवडीची नसून या येरझारांची आहे. निवड तर बरीचशी तुमच्या टेबलावरचा संगणकच करून टाकतो. आयफोनची ॲप्स तयार करण्यासाठी लागणारे एक्सकोड फक्त मॅकवर चालते, तर अँड्रॉइडची ॲप्स तयार करण्याचा अँड्रॉइड स्टुडिओ विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतो. तेव्हा मॅक हाताशी नसेल, तर स्विफ्टचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. शिकाऊ अवस्थेत त्यासाठी कर्ज काढण्याच्या फंदात पडू नये. राहिले कोटलिन आणि फ्लटर. फ्लटरमध्ये डार्ट भाषेत एकदा लिहिलेला कोड दोन्ही प्रकारच्या फोनवर चालतो, हा त्याचा मोठा फायदा. तरीही नवशिक्याला मी कोटलिनच सुचवतो, कारण फ्लटरमध्ये काम करतानाही प्लगिन (बाहेरून जोडलेला तयार कोड), परवानग्या किंवा ग्रॅडल या ॲप बांधणाऱ्या साधनाच्या तक्रारींपायी केव्हा ना केव्हा अँड्रॉइडच्या पोटात शिरावे लागते आणि आतली रचना ठाऊक असलेला माणूसच तेथे निभावून नेतो. अर्थात हे माझे मत झाले. थेट फ्लटरपासून सुरुवात करून उत्तम काम करणारेही पुष्कळ आहेत. जे निवडाल त्याच्याशी किमान सहा महिने एकनिष्ठ राहा, एवढाच माझा आग्रह आहे.

निवड चुकली तर आयुष्य फुकट गेले, अशी धास्तीही नको. २००८ साली अँड्रॉइडचा पहिला फोन आला तेव्हा ॲप लिहायचे ते जावामध्ये. २०१७ मध्ये गूगलने कोटलिनला अधिकृत मान्यता दिली आणि २०१९ पासून तिलाच प्राधान्य दिले. आयफोनच्या बाजूलाही ऑब्जेक्टिव्ह-सीची जागा २०१४ मध्ये आलेल्या स्विफ्टने घेतली. जुन्या भाषांत मुरलेली मंडळी त्यामुळे निकामी ठरली नाहीत, कारण डेटाबेस, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे), नेटवर्कवरून माहिती मागवणे आणि ती वेळेत न आल्यास काय करायचे, हे त्यांचे ज्ञान नव्या भाषेतही जसेच्या तसे उपयोगी पडले.

पदवीबाबत खोटा दिलासा देत नाही. काही मोठ्या कंपन्या अर्जांची पहिली चाळणी पदवीवरच लावतात आणि तेथे तुमचा अर्ज अडेल. लहान कंपन्यांत मात्र केलेले काम दाखवता आले, तर पदवीचा प्रश्न बहुधा मागे पडतो. शिवाय लेखा विभागातली तीन वर्षे ही तुमची उणीव नसून भांडवल आहे. नवशिके डेव्हलपर पैशाची रक्कम सर्रास दशांश अपूर्णांकाच्या डबल या प्रकारात साठवतात. त्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ येत नाही, तर ०.३०००००००००००००००४ येते, कारण संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडू शकत नाही. बाकीच्यांना हे क्षुल्लक वाटेल, पण ताळेबंदातला शेवटच्या अंकाचा फरक शोधण्यात ज्याची संध्याकाळ गेली आहे, त्याला ते वाटणार नाही. रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवावी किंवा दशांश संख्या तंतोतंत ठेवणारा बिगडेसिमल हा प्रकार वापरावा. तुमचे पहिले ॲप जमाखर्चाचेच असू द्या.

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षात आहे. ट्यूटोरियल पाहत सोबत कोड लिहिला की सगळे समजते, ॲपही चालते. पण कोरा प्रोजेक्ट उघडला की हात थांबतात. यातून बाहेर कसे पडावे?

उत्तर : ट्यूटोरियलमध्ये कोड लिहिणे हे तेथले सर्वांत सोपे काम असते, काय लिहायचे आणि कशानंतर लिहायचे हे अवघड काम व्हिडिओ करणाऱ्याने आधीच उरकलेले असते. ते तुमच्या वाट्याला आलेच नाही, म्हणून हात थांबतात. तेव्हा एखादे असे ॲप घ्या, जे दोन स्क्रीनमध्ये मावेल आणि ज्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलेला नाही. उदाहरणार्थ, आपली पुस्तके कोणाला वाचायला दिली याची नोंद ठेवणारे ॲप : एका स्क्रीनवर यादी आणि दुसऱ्यावर पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव व तारीख भरण्याचा फॉर्म. संगणक सुरू करण्यापूर्वी दोन्ही स्क्रीन कागदावर काढा आणि कोणते बटण दाबल्यावर काय व्हावे, हे साध्या मराठीत लिहा.

आता या एवढ्याशा ॲपमध्ये काय काय दडलेले असते ते पाहा. तुम्ही जेटपॅक कम्पोज या अँड्रॉइडच्या स्क्रीन रचण्याच्या साधनात फॉर्म केलात, पुस्तकाचे नाव अर्धे टाइप केले आणि फोन आडवा धरला, की टाइप केलेले सगळे गायब होते. कोडमध्ये चूक दिसत नाही, ॲप क्रॅश झालेले नाही, लॉगकॅट या नोंदींच्या खिडकीत लाल अक्षरांत काही उमटलेले नाही. घडते असे की, फोनची दिशा बदलताच अँड्रॉइड ती ॲक्टिव्हिटी, म्हणजे ॲपची ती उघडी स्क्रीन, मोडून टाकते आणि नव्याने उभारते. नुसत्या रिमेंबरमध्ये (स्क्रीन उभी असेपर्यंतच मूल्य धरून ठेवणाऱ्या सोयीत) ठेवलेला मजकूर त्या मोडतोडीत जातो. त्याऐवजी रिमेंबरसेव्हेबल वापरले की तो टिकतो. हा एका शब्दाचा बदल आहे, परंतु त्यामागचे कारण शोधताना ॲक्टिव्हिटीचे जीवनचक्र तुम्हाला असे समजते की, त्याची आकृती घोकण्याची गरज पुन्हा पडत नाही. अनेक जण अशा वेळी मॅनिफेस्ट या ॲपच्या माहिती-फाइलमध्ये स्क्रीन उभीच राहील असे बंधन घालतात आणि प्रश्न सुटला असे मानतात. तो सुटलेला नसतो, लपलेला असतो. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार बदलला किंवा डार्क मोड सुरू केला, तरी ॲक्टिव्हिटी पुन्हा उभारली जाते आणि फॉर्म पुन्हा कोरा होतो.

हे सुटते न सुटते तोच तारखेची पाळी येते. तारीख मजकूर म्हणून साठवली असेल, तर क्रम लावताना १० तारीख ९ तारखेच्या आधी येते, कारण मजकुराची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. मग तारीख संख्येच्या रूपात साठवायची, दाखवताना तेवढी वाचनीय करायची, हे कळते. त्यासाठी रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस-साधनातल्या टेबलाची रचना बदलावी लागते. रचना बदलली पण डेटाबेसच्या आवृत्तीचा क्रमांक वाढवला नाही किंवा मायग्रेशन (जुनी माहिती नव्या रचनेत नेणारा कोड) लिहिले नाही, तर आधीपासून ॲप असलेल्या फोनवर ते उघडताच क्रॅश होते. असे अडखळत ॲप पुरे झाले, की ते दुसऱ्याच्या फोनवर टाका आणि काही न सांगता त्याला वापरू द्या. त्याचे बोट कोठे थबकते, ते गुपचूप पाहा. माझ्या पहिल्या ॲपमध्ये जतन करण्याचे बटण कीबोर्डखाली झाकले जात होते. मला ते तीन आठवडे दिसले नव्हते, कारण मी स्वतः दर वेळी सवयीने कीबोर्ड बंद करत होतो.

प्रश्न : आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोड लिहून देते. मग शिकण्यात वर्ष घालवावे का?

उत्तर : घालवावे, मात्र शिकण्याची रीत बदलावी लागेल. नवख्यांना पूर्वी दिली जाणारी ठोकळेबाज कामे ही साधने आता भराभर करतात, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांनी दिलेला कोड बरोबर आहे की नाही, हे ठरवणारा माणूस लागतो आणि ती पारख स्वतः चुका केल्याशिवाय येत नाही. ही साधने अधूनमधून पडद्यामागे काम करवून घेणाऱ्या असिंकटास्कसारखी गोष्टही सुचवतात, जी अँड्रॉइड ११ पासून कालबाह्य ठरवलेली आहे. कोड चालतो, त्यामुळे नवशिक्याला शंका येत नाही. म्हणून त्रुटीचा संदेश आधी स्वतः वाचावा, त्यात आपल्या फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक शोधावा, अर्धा तास झटापट करावी आणि मगच विचारावे. मिळालेल्या उत्तरातली जी ओळ समजावून सांगता येणार नाही, ती आपल्या ॲपमध्ये ठेवू नये.

प्रश्न : नोकरीसाठी ॲप प्ले स्टोअरवर असणे आवश्यक आहे का? त्यासाठी काय करावे लागते?

उत्तर : आवश्यक नाही, पण मुलाखत घेणाऱ्याला त्यावरून पुष्कळ कळते. डेव्हलपरचे खाते उघडताना गूगल एकदाच २५ डॉलर घेते. ॲपलचे शुल्क वर्षाला ९९ डॉलर आहे. पैशापेक्षा वेळेचा हिशेब आधी करावा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. या चाचणीसाठी सुरुवातीला २० माणसांची अट होती, ती पुढे १२ वर आली. ही माणसे सलग १४ दिवस चाचणीत सामील असावी लागतात. ती मिळवताना आपल्या ॲपची खरोखर कोणाला गरज आहे का, याचाही अंदाज येतो.

पॅकेजचे नाव, म्हणजे ॲपची कायमची ओळख, पहिल्या दिवशीच विचारपूर्वक ठेवा. ॲप प्रकाशित झाल्यावर ते बदलता येत नाही आणि ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ने सुरू होणारे नाव प्ले स्टोअर स्वीकारतच नाही. गोपनीयतेचे धोरण लिहावे लागते, ॲप कोणती माहिती गोळा करते याचा फॉर्म भरावा लागतो. पुस्तकांच्या नोंदीच्या ॲपला संपर्कयादी वाचण्याची परवानगी कशाला हवी, असा प्रश्न तो भरताना तुम्हालाच पडला, तर ती परवानगी काढून टाका. अपलोडसाठीची सही-किल्ली (ॲप तुमचेच आहे हे पटवणारी फाइल) आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा, पण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडच्या संग्रहात) चुकूनही टाकू नका.

प्रश्न : तीस-चाळीस ठिकाणी अर्ज पाठवले, कोठूनही उत्तर नाही. रेझ्युमेमध्ये आठ प्रोजेक्ट आहेत.

उत्तर : आठपैकी हवामानाचे ॲप, कॅल्क्युलेटर आणि कामांची यादी ही तीन नक्की असणार, समोरच्याने ती त्याच दिवशी वीस अर्जांत पाहिलेली असतात. सहा काढून टाका. उरलेल्या दोहोंसाठी गिटहबवर नीट रीडमी लिहा : ॲप काय करते, दोन-तीन स्क्रीनशॉट, कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली. सगळा कोड एका दिवशी एकाच कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) चढवलेला दिसला, की तो उचललेला असावा असा संशय येतो. म्हणून काम जसे होत जाईल तसे कमिट करावे आणि त्याला ‘बदल’ असे मोघम नाव न देता ‘फोन आडवा केल्यावर फॉर्म कोरा होत होता, ते दुरुस्त केले’ असे स्पष्ट लिहावे. मुलाखतीत पुढचा अर्धा तास बहुधा याच ओळीवर जाईल.